भट्टीवरल्या दादाचा कप

बौद्धवाडी, पो. सावर्डे
२० मे २०२५

ती. आत्मारामदादास, धाकट्या कमलाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी कितीही बोंबलले तरी तुझ्या कानात काही शिरत नाही. कानातलं यंत्र तू खिशात घालून हिंडतोस, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस. सातवीपर्यंत शिकले, तेही तुझ्याच धपाट्यांनी.

बुद्धपौर्णिमेला आलास तेव्हा चांगला दोन आठवडे राहतो म्हणाला होतास. आणि चौथ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरची आठवण काढून निघालास! अरे, तोंडात दात उरलेत किती तुझ्या? तुझ्यासाठी हापूसची अढी घातली होती, ती तू गेल्यावर पिकली. आम्ही खाल्ले, पण गोड लागले नाहीत. तिसऱ्यांचं कालवण खारट झालं होतं का? तसं असेल तर तोंडावर सांग, मी काही रडणार नाही.

विहारात पोरांना अणूबद्दल सांगणार होतास, तेही राहिलं. वाडीतले विचारतात, आमचे शास्त्रज्ञ एवढ्यात गेले कसे. मी काय सांगू?

आपल्या स्वरूपच्या स्नेहलला पाचवा महिना चालू आहे. नातसून म्हणून सांगत नाही, पोर गुणी आहे. धम्मचक्र दिनाच्या आसपास बाळ येईल. त्याचं नाव तूच ठेवायचंस. आई जाताना हेच सांगून गेली, की या घरातल्या पहिल्या खापरपतवंडाला माझ्या आत्मारामानं नाव द्यावं. येणार ना, ते एका ओळीत कळव. नाही म्हणालास तर मी एस.टी.त बसून तुला न्यायला येईन.

माया आहे ती अशीच असू दे.
तुझी,
कमला


चेंबूर
२८ मे २०२५

चि. कमलास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

कालवण झकास होतं. दात दोनच उरलेत आणि डॉक्टरनं दोघांनाही शाबासकी दिली.

परवा बसल्या बसल्या आईची आठवण आली. नोकरी लागल्यावर मी तिला पहिलं पत्र टाकलं होतं, की मी अणुभट्टीवर रुजू झालो. मास्तरांनी ते वाचून दाखवलं आणि तिला त्यातलं 'भट्टी' तेवढं कळलं. पोरगा एवढा शिकला आणि शेवटी दारू गाळायला लागला, म्हणून ती जेवेना. तेव्हा आपल्या देशात या विद्येचे अगदी सुरुवातीचे दिवस होते. आम्ही पंचविशीतली पोरं, अणुभट्टीच्या पाण्यात तळाशी तो निळा उजेड पाहून घरी आलो की झोप यायची नाही. पण आईला ते कसं सांगणार? शेवटी तिला मुंबईला आणलं आणि खाडीपलीकडचा भट्टीचा घुमट लांबून दाखवला. धूर कुठाय, एवढंच तिनं विचारलं. धूर नसलेली भट्टी तिला काही पटली नाही.

मग तिनं दुसरं विचारलं, की तिथं तुला चहा कसा देतात. मी सांगितलं, कँटीनमध्ये सगळे कप एकसारखे आहेत. साहेबाचा कुठला, माझा कुठला, धुणाऱ्यालाही कळत नाही. यावर ती पदरानं डोळे पुसत राहिली. भट्टी तिला त्या दिवशी आवडली.

नावाचं म्हणशील, तर ते स्वरूपनंच ठेवावं. माझं वय झालं, एवढा प्रवास आता नको वाटतो. एस.टी.त बसून येऊबिऊ नकोस.

एक सांगायचं राहिलं. तिथला पिवळा कप चुकून माझ्या पिशवीतून इकडे आला आहे. शोधत असाल. कुणाला बोल लावू नकोस.

तुम्हा सर्वांच्या आठवणीत असलेला,
आत्माराम


बौद्धवाडी, पो. सावर्डे
६ जून २०२५

ती. दादास कमलाचा जयभीम.

पिवळा कप आमच्याकडे कुणी शोधत नव्हतं. तेच मला खटकलं. घरातली साधी वाटी हरवली तर स्नेहल घर डोक्यावर घेते, आणि नवा कोरा कप गेला तरी गप्प? मी तिला खोदून विचारलं. ती चुलीपाशी बसली आणि ढसाढसा रडली.

चिपळूणला तपासायला गेली होती, तेव्हा तिनं एक्स-रेच्या दारावर पाटी वाचली, की गरोदर बायांनी आत येऊ नये. मग मोबाइलवर कुठल्याशा बाईनं सांगितलं, की अणूत काम केलेल्या माणसाच्या अंगातून मरेपर्यंत किरणं येतात. म्हणून तू येणार कळल्यावर तिनं बाजारातून तो कप आणला. तुझं ताटही वेगळं. दोन्ही मागच्या पडवीतल्या कोनाड्यात.

दादा, मी तो कप पाहिला होता. मला वाटलं, पाहुण्याचा मान म्हणून पोरीनं नवा आणला. मान! आपल्या आईनं खोताच्या अंगणात उकिडवं बसून करवंटीत चहा प्याला. तोही वरून ओतलेला. ती करवंटी त्यांच्या अंगणाच्या दगडी गडग्याच्या भोकात ठेवलेली असायची, आपण दोघांनी ती पाहिली आहे. त्याच आईच्या लेकाला माझ्या घरात वेगळा कप, आणि तोही कोनाड्यात! मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघवत नाही. तुला ये म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. खाली पोरगी लिहिते आहे, वाचायचं तर वाच.
कमला

ती. आजोबा, सविनय जयभीम.
करवंटीची गोष्ट मलाही ठाऊक होती. माझ्या आजीनं सांगितली होती. तीच गोष्ट सांगून मी कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं. आणि मीच हे केलं. मला बाळाची भीती वाटली, एवढंच खरं. ज्यांना सगळं ठाऊक आहे ते घरातच बसले होते, पण विचारायचं सोडून मी बाजारात गेले. मला फार लाज वाटते. तुम्ही या म्हणायचा मला हक्क नाही. पण तुम्ही येईपर्यंत बाळ बिननावाचंच राहील.
तुमची,
स्नेहल


चेंबूर
१५ जून २०२५

चि. कमला आणि चि. स्नेहल, दोघींना आशीर्वाद.

आधी पोरीच्या भीतीचं. आम्ही छातीवर एक बिल्ला लावून काम करायचो. अंगावर किती किरणं आली ते त्यावर उमटायचं, आणि तो दर महिन्याला तपासायला जायचा. माझा कधी वाईट निघाला नाही. बाहेरून आलेली किरणं अंगात घर करून राहत नाहीत गो. दिवा विझवला की खोलीत उजेड उरतो का? बाळाला माझ्यापासून काही धोका नाही. निर्धास्त राहा.

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? जन्मभर मोठमोठ्या सभागृहांत हेच बोलत आलो, आणि बहिणीच्या पडवीत माझी जीभ उचलली नाही. का, ते आता सांगतो.

माझा तेवढा कप मागच्या कोनाड्यातून आलेला पाहून पहिल्याच चहाला मला सगळं कळलं होतं. कप रिकामा झाल्यावर मी उठलो, मोरीत जाऊन तो विसळला आणि मागच्या कोनाड्यात नेऊन पालथा घातला. घरातल्या भांड्यांपासून लांब. मला कुणी सांगितलं नव्हतं, कमला. करवंटी विसळून आई जशी भोकात ठेवायची, तसाच माझा हात आपोआप गेला. एवढी विद्या शिकलो, पण त्या हाताला काही शिकवू शकलो नाही. स्नेहल घाबरली होती, तिचं मी समजू शकतो. माझ्या हाताची लाज मात्र मला गिळवेना. म्हणून दातांचं निमित्त करून पळालो. कप चुकून आला नाही, मी तो उचलून आणला. पुन्हा माझ्याच हातून तिथे ठेवला जाऊ नये म्हणून.

नामकरणाला येतो. नाव ठरलं आहे, पण ते तिथंच सांगेन.

आज चेंबूरच्या बाजारात पाय तुटेस्तोवर हिंडलो. शेवटी एका दुकानात तस्सेच पिवळे कप मिळाले. घरात जेवढी माणसं तेवढे घेतले, आणि एक बाळाचाही. घरी येऊन त्या जुन्या कपासकट सगळे एका टोपात धुतले. आता त्यातला माझा कुठला, ते मलाही सांगता येत नाही. कोनाडा रिकामा करून ठेवा आणि फडताळात जागा करा.

तुमच्याच घरचा,
भट्टीवरला आत्माराम