लालडू आलं की उठव

१५ डिसेंबर, सोमवार

धुकं सुरू झालं. गाडी अंबाला कँटहून निघाली वेळेवर, मग धुळकोटच्या अलीकडे शेतात उभी. शेजारून एक एक्स्प्रेस गेली, मग दुसरी. आमची पॅसेंजर सगळ्यांना वाट देते.

डब्यात नेहमीप्रमाणे सगळ्या झोपलेल्या. सुदेश आंटी शाल डोक्यावरून ओढून. त्यांना लालडूला उतरायचं असतं, तिथल्या शाळेत शिकवतात. मनप्रीतला घग्गर, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. नीलम दीदी नर्स, माझ्याबरोबर चंदीगडपर्यंत. तिघींना उठवायचं काम माझं. दोन वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, आंटी म्हणाल्या होत्या, "तू तो वैसे भी जागती रहती है. लालडू आए तो उठा देना." तेव्हापासून. मनप्रीत मला नावाने हाकच मारत नाही. 'अलार्म' म्हणते.

धुक्यात स्टेशनची पाटी दिसत नाही. काच पुसून पुसून रुमाल ओला. तिघींना उठवलं, वेळेवर. मान आखडली आहे.

लॅबमध्ये सरांनी बोलावलं. प्रकल्प एक वर्ष वाढला. "तुझं नाव देऊ ना? जानेवारी संपायच्या आत नक्की सांग." लगेच हो म्हणायला हवं होतं. "घरी विचारते" म्हटलं. अप्पा जानेवारीअखेर रिटायर होणार. क्वार्टर सोडायचं. आई-अप्पा गावी जाणार. आणि मी...

१८ डिसेंबर, गुरुवार

जेवताना विषय काढला. अप्पा जन्मभर लष्कराच्या युनिटच्या मेसमध्ये स्वयंपाकी, त्यामुळे घरी कधी वाढायलाही उठत नाहीत. आज माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढली. म्हणजे तेही काळजीत आहेत.

आई म्हणाली, "एकली ऱ्हाणार तू हितं? कुलूप तीन-तीन बारीला वडून बघतीस. गॅस बघाया उठतीस. झोपशील कशी?" खरं आहे. मी आजवर एकटी एका खोलीत झोपलेलीच नाही.

अप्पा म्हणाले, "शिकलीय ती. तिला कळतंय." मग माझ्याकडे बघून, "तूच सांग बाळ, काय करायचं."

हेच ते. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. पाचवीपासून घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद मी वाचते. बँकेचा, दवाखान्याचा. माझ्या शाळेतून आलेली तक्रारसुद्धा मीच वाचून दाखवली होती, एक शब्द न गाळता. आता माझं काय करायचं तेही मलाच विचारतात. कुणीतरी रागावून सांगावं, राहा. किंवा चल. काहीही.

अप्पांनी गावाकडची तिकिटं काढली आहेत, तीन फेब्रुवारीची. तीन तिकिटं. "असू दे. रद्द करता येतं."

२३ डिसेंबर, मंगळवार

आज चुकले. बाहेर नुसतं पांढरं. गाडी थांबली, दिवा दिसला, कुणी उतरल्यासारखं वाटलं. आंटींचा खांदा हलवला, "आंटी, लालडू." त्यांनी शालीतूनच, तोंडही बाहेर न काढता, "धुळकोट है, बेटा. बैठ जा."

मी सॉरी म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. मनप्रीत जागी झाली होती. "लो जी, अलार्म दा सेल मुक गया." म्हणजे सेल संपला. सगळा डबा हसला. मीही हसले. पण उतरल्या असत्या तर? त्या धुक्यात, त्यांचे गुडघे असे दुखरे.

लॅबमध्ये सगळी रीडिंग्ज दोनदा घेतली. विश्वास वाटेना.

३० डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस तापाने घरी होते. काल सकाळी अंथरुणातून मेसेज केला, सगळ्या नीट उतरलात ना? मनप्रीतचं उत्तर दुपारी, "हां जी, ज़िंदा हैं."

आज गेले तर आंटी म्हणाल्या, "तू नहीं थी तो मैं दप्पर पहुँच गई. टेम्पो पकड़ के वापस आई. बच्चे बाहर ठंड में खड़े थे." मी त्या मुलांचाच विचार करत बसले. कुलूप लावलेला वर्ग, छोट्या छोट्या लोकरी टोप्या. मनप्रीत खिडकीकडे तोंड करून ओठ चावत होती. तिलाही वाईट वाटलं असणार. नीलम दीदी झोपलेली.

आजारी पडायची सोय नाही.

४ जानेवारी, रविवार

चंदीगडच्या अलीकडे, झिरकपूरला खोली बघून आले. लॅबमधल्या एकीने पत्ता दिला होता. अप्पा बरोबर आले, युनिटच्या ड्रेसवर, कडक इस्त्री करून. म्हणाले, "बघू दे त्यांना, कुणाची पोरगी हाय."

मेन रोडवर गाड्या जागच्या हलत नव्हत्या, शेवटी उतरून चालत गेलो. नवी बिल्डिंग, चौथा मजला. खोली स्वच्छ आहे. पलंग, टेबल, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप. मालकीण बरी वाटली. अप्पांना चहा दिला, "भाई साहब, बेटी जैसी रखूँगी" म्हणाली.

मी आत जाऊन दार लावून बघितलं. बाहेरचा एक आवाज येत नाही. अप्पा, मालकीण, रस्ता, काही नाही. घाबरून लगेच उघडलं. अप्पा दारातच उभे होते. म्हणाले, "दार मजबूत हाय."

परतताना उतरायच्या आधी फक्त एवढंच, "तिथनं लॅबला बस सरळ जाती. मी इचारलं."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आईने पहाटे लाडू केले. काल लोहडी झाल्याने गाडीच्या डब्यात तिळाच्या चिक्कीसारखी गजक आणि शेंगदाणे होतेच, त्यात माझा तिळगूळ. आंटींना 'गोड बोला' म्हणजे काय ते सांगितलं. मनप्रीत म्हणाली, "ये तो रोज़ खिलाओ आंटी को, स्टाफ रूम में काम आएगा." आंटींनी तिच्या डोक्यात टपली मारली.

सरांच्या घरीही डबा दिला. सर नागपूरचे. त्यांच्या मुलाला मी म्हटलं, "तिळगूळ घ्या." तो म्हणाला, "थँक यू दीदी, ये वाला सॉफ्ट है ना? पिछली बार दाँत हिल गया था." वहिनींनी कपाळाला हात लावला. मी निघताना सर हळूच म्हणाले, "नावाचं लक्षात आहे ना?"

आहे. दुसरं काही लक्षातच राहत नाही.

एक मार्ग सुचला आहे. झिरकपूर नको, अंबाल्यातच खोली घ्यायची. बाजार ओळखीचा, देऊळ ओळखीचं. नोकरी राहील, गाडीही राहील. प्रवासाने जीव जातो हे खरं, घरी येईतो पायात गोळे येतात. पण मी गेले तर आंटींना उठवणार कोण? रिटायर व्हायला त्यांना अजून अवकाश आहे. ही जबाबदारी नाही का? आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बायकांसाठी ऱ्हाणार तू?" तसं नाही म्हटलं.

२१ जानेवारी, बुधवार

आंटी लालडूला, मनप्रीत घग्गरला उतरल्यावर नीलम दीदीला अंबाल्याच्या खोलीचं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला उठवायला कुणीतरी हवं.

ती आधी हसली. खूप हसली, शाल तोंडावर घेऊन. "हमारे लिए? अरे पगली, इतने साल से इसी लाइन पे हूँ. पुल की आवाज़ आती है, नींद अपने आप खुल जाती है. सबकी खुलती है."

मी म्हटलं, पण मी तापाने घरी होते तेव्हा आंटी दप्परला गेल्या होत्या.

"कौन दप्पर? उस दिन तो आंटी मुझसे पहले..." आणि थांबली. मग माझा हात धरून काहीतरी बोलत राहिली. चंदीगड आलं. मी ऐकलं नाही, उतरले.

दिवसभर काही सुचलं नाही. दोन वर्षं. दोन वर्षं मी एक डोळा मिटला नाही. आणि धुळकोटला आंटी शालीतून बोलल्या होत्या, डोळे न उघडता. तेव्हाच कळायला हवं होतं. मनप्रीत ओठ चावत होती ते हसू दाबायला.

२२ जानेवारी, गुरुवार

दुसऱ्या डब्यात बसले. जागा नव्हती, दाराजवळ उभी. लालडूला वाकून बघितलं. पुढच्या डब्यातून आंटी उतरल्या. स्वतःहून, पिशवी खांद्याला, दांडा धरून सावकाश. जिना चढायच्या आधी वळून माझ्या नेहमीच्या खिडकीकडे बघितलं. मी आत सरकले.

मनप्रीतचा मेसेज, "अलार्म कित्थे है? आंटी ने आज किसी को सोने नहीं दिया."

उत्तर दिलं नाही. वाईट कशाचं वाटतंय ते कळत नाही. त्या सुखरूप उतरतात याचं वाटायला नको.

२३ जानेवारी, शुक्रवार

आंटींनी फलाटावरच गाठलं. गाडी लागायची होती. मनप्रीत आणि नीलम दीदी लांब उभ्या, शिक्षा झालेल्या मुलींसारख्या.

मी विचारलं, का केलंत?

आंटी म्हणाल्या, "तू बैठी-बैठी नाखून खाती थी. हर स्टेशन पे उठ के देखती थी, कहीं चंडीगढ़ निकल तो नहीं गया. हमसे देखा नहीं जाता था. मैंने सोचा, इसकी फ़िक्र को कोई काम दे दो."

आणि दप्पर?

"वो झूठ था. बुख़ार से उठ के आई थी, इतना-सा मुँह. सोचा, ख़ुश हो जाएगी." मग एकदम आवाज चढवला, जसा वर्गात चढवत असतील. "पर मेरे नाम पे कमरा मत लेना! लेना है तो अपने लिए ले. नहीं लेना तो मत ले."

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा, घेऊ का नको?

"मुझे क्या पता," आंटी म्हणाल्या. "मैं तो मायके से ससुराल आई थी, मुझसे किसने पूछा था."

गाडी आली. जुन्या जागेवर बसले. कुणी झोपलं नाही. घग्गर येईतो मनप्रीत शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होती.

२७ जानेवारी, मंगळवार

घरात खोके. आईने डबे कागदात गुंडाळले. माझ्या वस्तू वेगळ्या एका बाजूला ठेवल्या आहेत, ना बांधलेल्या ना लावलेल्या. "तुझं तू सांग, मग बांधती." मधून मधून तिथे जाते आणि एखादी वस्तू इकडून तिकडे ठेवते. आई, मी नाही.

अप्पांना मेसमध्ये निरोपाचं जेवण आहे शनिवारी. स्वतःच रांधणार म्हणतात.

झिरकपूरच्या मालकिणीचा फोन. खोलीला दुसरं कुणी विचारतंय.

२९ जानेवारी, गुरुवार

उद्या सरांना सांगायचं आहे. वाक्यं दोन्ही तयार केलीत. दोन्ही म्हणून बघितली, आरशासमोर नाही, भांडी घासताना. आईने नळ बंद करून ऐकलं.

अप्पांनी आज पुन्हा विचारलं, "तिसऱ्या तिकिटाचं काय करू?" म्हटलं, सकाळी सांगते. "बरं," म्हणाले. मग जरा वेळाने, "मी घर सोडलं तवा मलाबी कळत न्हवतं. गाडीत बसल्यावर रडू आलं. मग भूक लागली." एवढं ते कधी सांगत नाहीत.

सकाळचं लिहायचं राहिलं. धुकं नव्हतं आज, नुसती थंडी. कँट सुटलं, आणि पुढचं मला आठवत नाही. मी झोपले. चष्म्यासकट, पिशवी मांडीवर, डोकं आंटींच्या खांद्यावर. धुळकोट कधी आलं, कधी गेलं, माहीत नाही.

ब्रेक लागायला लागले तेव्हा डोळे आपोआप उघडले. कुणी हलवलं नव्हतं. लालडू होतं. तिघी माझ्याकडे बघत होत्या. मनप्रीतने नीलम दीदीचा हात धरून ठेवला होता, ती मला हलवणार होती म्हणून. आंटी उठायच्या बेतात, पण उठल्या नव्हत्या. माझं डोकं खांद्यावर होतं ना.

मी धडपडून सरळ झाले. सवयीने म्हटलं, "आंटी, लालडू."

"हाँ हाँ, पता है," आंटी म्हणाल्या. शाल काढून माझ्या अंगावर टाकली, पिशवी उचलली, आणि दारातून वळून म्हणाल्या,

"सो जा. तेरा स्टेशन अभी नहीं आया."