बाबांचा वस्तरा आणि माझी साधना

२ मार्च, रविवार
आजपासून प्लास्टिकचं रेझर बंद. ठरलं म्हणजे ठरलं. या जालन्यात दाढी कशी करतात हे कुणालाच माहीत नाही. ऑफिसातला रजत ट्रिमर फिरवतो आणि त्याला स्टाईल म्हणतो. शेजारचा धर्मराज मोटारसायकलच्या आरशात बघून करतो, तेही उभ्याउभ्या. मी रोलिंग मिलमध्ये डिस्पॅच सांभाळतो. माझ्या डोळ्यांसमोरून रोज ट्रकच्या ट्रक लोखंड जातं. अशा माणसाने तोंडाला प्लास्टिक लावायचं? ऑर्डर दिली: पितळी सेफ्टी रेझर, जनावराच्या केसांचा ब्रश, लाकडी वाटीतला साबण. संध्या म्हणाली, एका तोंडासाठी एवढं सगळं? बायकोला साधना कळत नाही.

८ मार्च, शनिवार
सामान आलं. फेस आला नाही. व्हिडिओतल्या माणसाला दहीवड्यावरच्या दह्यासारखा दाट फेस येतो. मला ताकासारखं पाणी. साबण नक्कीच डुप्लिकेट आहे. संध्या म्हणाली, बोअरच्या पाण्यात तिच्या कपड्यांच्या साबणालाही फेस येत नाही. कपडे आणि दाढी यातला फरक समजावत बसलो नाही.

९ मार्च, रविवार, सकाळी
दोष ब्रशचा निघाला. केस कडक होते म्हणून उकळत्या पाण्यात ठेवला. केसांचा सगळा झुबका मुठीतून सुटून पातेल्यात तरंगायला लागला. ते पातेलं चहाचं होतं हे संध्याने तीन वेळा सांगितलं.

तेवढ्यात मागच्या अंगणात बाबांची दाढी चालू. बाबांचा हात हल्ली कापतो म्हणून दर रविवारी संध्या त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवते आणि यूज अँड थ्रो रेझरने करून देते. किराणा दुकानात बरणीत मिळतं ते, निळं. पाच मिनिटांत काम खलास. बाबा डोळे मिटून बसतात आणि त्यांना ते आवडतं. जन्मभर शिक्षक होते, पण चव नाही.

१३ मार्च, गुरुवार
रेझरने हनुवटीवर दोनदा आणि ओठाखाली एकदा कापलं. तुरटी लावली तर डोळ्यांतून पाणी. रजतने विचारलं, सर, मांजर पाळलं का? त्याला काय सांगणार. सेफ्टी रेझर मुळात शिकाऊ लोकांसाठी असतं, हे आता माझ्या लक्षात आलंय. खरी गोष्ट वस्तरा.

आणि वस्तरा घरात आहे. बाबांचा. बिस्किटाच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. तरुणपणी जालन्याच्या बाजारातून आणलेला. बाबा महिन्यातून एकदा काढतात, पुसतात, तेलाचं बोट फिरवतात, परत ठेवतात. वापरत नाहीत. एवढं पोलाद नुसतं पडून!

१६ मार्च, रविवार
गावाहून आमच्या वस्तीतला पुंजाराम आला. विहारात काचेचं कपाट केलंय. वस्तीतल्या जुन्या वस्तू त्यात ठेवणार, चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी. बाबांचा वस्तरा पाहिजे आणि दोन शब्द बाबांनीच बोलावे म्हणाला. बाबा लगेच हो म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुललेला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मी वस्तरा हातात घेऊन पाहिला. काळपट डाग, धार गेलेली. असा गावासमोर ठेवायचा? मी जाहीर केलं की तो आरशासारखा करून देतो आणि चौदाला सकाळी त्याच वस्तऱ्याने बाबांची दाढी मी स्वतः करतो. बाबा म्हणाले, आहे तसाच राहू दे, राजा, तो इथून पुढं दाढीला न्हाई. म्हातारी माणसं संकोचाने असं बोलतात.

२३ मार्च, रविवार
कमरेच्या पट्ट्यावर वस्तरा घासला. पट्टा कापला. आता पॅन्ट धरून चालतोय.

२७ मार्च, गुरुवार
पट्ट्यावर, दगडावर घासून काही होणार नाही हे ठरल्यावर मुद्दा सोपा झाला. आपल्याकडे मिल आहे! वस्तरा डब्यात घालून नेला. फिटर तातेरावने ग्राइंडरला लावला. ठिणग्या उडाल्या, पातं चकचकीत झालं, कडेला सुंदर निळा रंग आला. मी म्हणालो, बघा, पोलाद जागं झालं. तातेराव म्हणाला, साहेब, पाणी उतरलं त्याचं, पातं मऊ पडलं आता. मग एवढा वेळ कुठे गेला होता हा?

पण मी घाबरलो नाही. पाणी उतरलं तर पाणी चढवायचं. आम्ही दिवसभर दुसरं काय करतो? लालभडक सळई पाण्याच्या फवाऱ्यातून काढली की बाहेरून कडक, आतून लवचिक. सळईला जे जमतं ते वस्तऱ्याला न जमायला काय झालं.

२८ मार्च, शुक्रवार
गॅसवर पातं लाल केलं. बादलीत सोडलं.

टिक असा आवाज आला.

जुन्या काळचं पोलादच हलकं असणार. दोन तुकडे मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेत. तातेराव कोणाला बोलणार नाही, कारण ग्राइंडरला त्यानेच लावला होता.

६ एप्रिल, रविवार
तसाच दिसणारा नवा वस्तरा आला. चहाच्या पाण्यात बुडवून मुठीला जुनेपणा आणला. पातं मात्र आरसा. बाबांच्या हातात दिला. त्यांनी मूठ चाचपली, उलटा केला, अंगठा बराच वेळ पात्याच्या पाठीवर ठेवला. मग बरं म्हणाले आणि डब्यात ठेवून दिला. ओळखलं नाही. कारागिरी यालाच म्हणतात.

१३ एप्रिल, रविवार
बाबांची दाढी उद्या वस्तऱ्याने करणार असं परत सांगितलं. बाबा म्हणाले, नको, तुला मिलमध्ये काम असतं, सून करेल. उद्या सुट्टी आहे हे त्यांना आठवत नाही. वय.

संध्या आज माझ्याशी बोलत नाहीये. गाडीची डिकी उघडी दिसली. पंक्चरवाल्याने उघडली असेल.

१४ एप्रिल, सोमवार, संध्याकाळी
गाव जमलं होतं. बाबा पांढरा सदरा घालून, गाल गुळगुळीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा मी मोबाईल काढला. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीये आणि शंभरदा अर्धी सोडून उठलोय. बाबा सांगत होते, गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण आमच्या तोंडाला हात लावायचा न्हाई. मंग मी शाळेच्या पहिल्या पगारात वस्तरा आणला. दर रविवारी वस्तीतल्या गड्यांची दाढी माझ्या ओट्यावर. धोंडूबा, ज्याला आयुष्यात कोणी हनुवटीला धरलं नव्हतं, तो दाढी होताना रडत बसायचा. कोणाला कधी कापलं न्हाई, म्हणाले.

मग बाबांनी खिशातून तेलाचं फडकं काढलं. त्यात दोन तुकडे होते.

कपाटात ठेवले. सगळे वाकून बघू लागले. एका म्हातारीने विचारलं, गुरुजी, मोडला कसा? गावातल्या कोणी मोडला का? मी मोबाईल खिशात घातला. बाबा म्हणाले, न्हाई बाई, गावाला तो मोडता आला न्हाई. माझ्या लेकाला चमकवायचा व्हता.

लोक हसले. बाबाही हसले. नवा वस्तरा माझ्या हातात देऊन म्हणाले, हा तू ठेव, याला आजून दाढी माहीत न्हाई. मला लाज वाटली. इतकी की येताना गाडीवर बाबा मागे बसले होते आणि मला एकदाही आरशात बघता आलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी मिलला जायचं होतं, गालावर दोन दिवसांचे खुंट. पितळी रेझर, वाटी, नवा वस्तरा, सगळं समोर होतं. हात जाईना. मागच्या अंगणात तारेला बाबांचं निळं रेझर अडकवलेलं होतं, कालचंच. खुर्चीवर बसलो. साबण कपडे धुण्याचा. संध्याने तांब्यात बोअरचं नाही, पिण्याचं पाणी आणून ठेवलं. फेस आला.

बाबा उंबऱ्यात बसून बघत होते. मी हनुवटीपाशी अडलो तेव्हा उठून आले, कापत्या हाताने माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. रेझर मीच फिरवलं.

कुठेही कापलं नाही. धुऊन परत तारेला लावलंय. अजून दोन वेळा चालेल.