श्रीहरीचं पान

२ जून
लागलो एकदाचा नोकरीला! थोर लेखक नरसिंहरावांच्या घराण्याची दोन घरं लोकांना दाखवायची: चामराजपेठेतलं, जिथं ते लिहायचे, आणि बसवनगुडीतलं, जे त्यांनी लेकीला दिलं. त्यांची दौत, आरामखुर्ची, काठी सगळं जागच्या जागी. कारभार त्यांच्या सूनबाई, कावेरीअक्का बघतात. मनस्विनी त्यांची मुलगी. तिच्यासाठीच मी कॉलेज अर्धं टाकलं. होसकोट्याला आई अजून धुमसतेय. धुमसू दे. सकाळी पाहुण्यांसमोर मनस्विनी मला ‘आमचा विराट’ म्हणाली. आमचा!

५ जून
काहीतरी शिजतंय. दुपारी आम्ही सगळे मागच्या पडवीत जेवतो. त्याआधी मनस्विनी चामराजपेठेतल्या घराच्या मधल्या खोलीत केळीचं पान वाढून नेते. भात, सारू, वर तूप. दार ओढून घेते. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, तुला कशाला पंचायत? दारावरच्या गुंडोमामांना विचारलं. ते सुपारी कातरत म्हणाले, श्रीहरीचं पान ते.
कोण हा श्रीहरी? मला हिनं कधी पाणीसुद्धा विचारलेलं नाही.

९ जून
आज पानावर चिरोटी होती. वाढताना ती गुणगुणत होती. एका पाहुण्याने आरामखुर्चीला हात लावला, मी त्याच्यावर उगाच खेकसलो. अक्कांनी समज दिली. उद्या त्या श्रीहरीची गचांडीच धरतो.

१० जून
घुसलो. खोलीत कुणी नाही. पाट, पान, वाफाळता भात. माझी चाहूल लागून पळाला असणार भित्रा. म्हटलं, उपाशी राहा लेका. पाटावर बसलो आणि त्याचं सगळं पान चाटूनपुसून खाल्लं.
मनस्विनी दारात आली. चिडेल वाटलं. तिनं आणखी भात वाढला. अक्का आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून रडल्या.
मग गुंडोमामांनी सांगितलं. श्रीहरी अक्कांचा मुलगा, मनस्विनीचा थोरला भाऊ. भांडून भरल्या पानावरून उठून गेला, तो परत आलाच नाही. या घराची रीत अशी की उठून गेलेल्याचं पान रोज वाढायचं. त्या पानावर जो बसून जेवला, तोच तो उठून गेलेला, परत आला.
कॉलेजात असताना तिनं भावाचं नाव कधी काढलं नव्हतं.

११ जून
मनस्विनीनं चहा आणला. म्हणाली, “अण्णा, घे.”
चेष्टा पुरे म्हणून मी भडकलो. ती खरंच गोंधळली. “मग काय म्हणू तुला?”
जगात कुणीही मला अण्णा म्हणावं. हिनं नाही.

१३ जून
गुंडोमामा पाहुण्यांना सांगतात, हे लेखकांचे नातू. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सांगत सुटलो — आजोबा लिहिताना डावा पाय हलवायचे, मला मांडीवर घेऊन दौतीचं झाकण माझ्या हातात द्यायचे —
हे मला कुणी सांगितलं?

१५ जून
आई आली. होसकोट्याच्या बायकांबरोबर, घरं बघायला. मी आई म्हणून हाक मारली. तिनं मागे वळून कावेरीअक्कांकडे पाहिलं. म्हणाली, तुमचा मुलगा हाक मारतोय.
हात धरला, तर कौतुकानं हसली. अक्कांना सांगत होती — आमचा विराटही असाच, एका मुलीपायी रागानं ताटावरून उठून गेला. अक्कांनी तिला रीत समजावली. पान. पाट. रोज.
मनस्विनी तिला दारापर्यंत सोडून आली. अण्णा, बिचारीला धीर द्यायला हवा होतास, म्हणाली.

१६ जून
तेच बरं. आई माझं पान वाढणार — मी जाऊन बसलो की मी परत मी. मग मनस्विनीही — आधी जेवायला तर बसू.
के. आर. पुरमला होसकोट्याची बस मिळाली. भूक नाही. तरी जेवायचं. सगळं संपवायचं.

दुपार
आमच्या ओट्यावर बसून लिहितोय. दार उघडं. आत आई वाढतेय. पाटावर कुणीतरी — पाठमोरा — माझा शर्ट —
हाक मारली. आई बाहेर आली. म्हणाली, “बसा श्रीहरीअण्णा, स्वल्प थांबा. आमचा विराट आलाय. त्याचं जेवण होऊ दे.”
आत जातो. अजून पानावर भात आहे, अजून संपलं ना— तो हात धुवायला उठ