रक्त दिसलं तर

इन्शिराह,

मी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे चाललोय. तू बहिणीकडून येईपर्यंत थांबलो असतो, तर पाय निघाला नसता. आज त्या हिरडी उघडून दातांची मुळं खरवडणार आहेत.

एक गोष्ट तोंडावर सांगायची हिंमत नाही. रमजानमध्ये मी हुक्का पार सोडला, तू आनंदानं शेजारी गोड वाटलंस. दहाव्या दिवशी रोजा सोडताना पाव चावला, तर पावाला रक्त! वाटलं, हुक्का सोडल्यामुळेच हे झालं. ईदपासून जाबरच्या कहवाखान्यात गुपचूप पुन्हा ओढायला लागलो. रक्त थांबलं. म्हटलं, बघा, धूरच औषध!

परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, धुरानं हिरड्यांचं रक्त दबून होतं, आत सगळं सडत होतं. सोडलंत तेव्हा त्या शुद्धीवर येत होत्या. तुम्ही पुन्हा त्यांचा गळा दाबलात." मग त्यांनी बोटानं माझे खालचे तीन दात हलवले. इन्शिराह, ते खरंच हलले गं.

मसुराचं सार कर, पण गार करून दे. हुक्क्याच्या नळीला लावायचं माझं पितळी तोंड या कागदावर ठेवलंय. मी यायच्या आत ते समुद्रात टाक. दुखायला लागलं की मी ते रडून मागेन.

पुढचे काही दिवस माझ्या तोंडात रक्त दिसलं तर घाबरू नकोस. दिसलंच नाही, तर मात्र घाबर, आणि माझे खिसे तपास.

मेतवल्ली