तुम्ही आधीच वाटून टाकलेला तारा

अप्पा, गावी आलो की लोक अजून मला माझ्या ताऱ्याची खुशाली विचारतात. हा तुमचा प्रताप. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला त्याचा राग येतो.

फोनवर मी एवढंच म्हणालो होतो की एक जागा बरी वाटते आहे. उपग्रहाने टिपलेल्या क्ष-किरणांत तिथे ठिपका होता, साध्या प्रकाशाच्या फोटोत काहीच नव्हतं. मोठा तारा फुटल्यावर मागे उरलेला, तालुक्याहून लहान पण सूर्याहून जड असा एकटा गोळा असाच सापडतो. तुम्ही तडक नागनाथाला नारळ फोडलात आणि तिथून आपल्या शिरडपर्यंत जीपमध्ये खोबरं वाटत आलात. पुढे मोठ्या दुर्बिणीच्या फोटोत नेमकी तिथेच एक फिकट दीर्घिका निघाली; क्ष-किरण तिचेच होते.

तेव्हा हे सांगायला मी मुद्दाम घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसला आहात.

"अप्पा, तो तारा नव्हताच."

"मग काय करू? नारळ लोकायनं खाल्ला. आता कुनाच्या पोटातून काढू?"

"लोकांना खरं सांगा."

"देवाला सांगून आलो म्या. माघारी घ्यायला जानार न्हाई. तुला तकलीफ असंल तर दुसरा हुडक."

आई चुलीपाशी पदराआड हसते आहे. दुसरा हुडक, जणू बाजारातून वांगी आणायची.

नंतर पारावर लोक तुम्हाला चिडवायचे, "अप्पा, पोराचा तारा कुठं गेला?" तुम्ही म्हणायचात, "येऊन राहिला." मरेपर्यंत हेच. ती थट्टा मला तुमच्याहून जास्त लागली. तुमचा शब्द खरा करायला मी अजून आकाश उपसतो आहे. कुठे दीर्घिका निघते, कुठे मधूनच भडकणारा साधा लाल तारा. जिथे काही दिसू नये तिथे हमखास काहीतरी दिसतं. रोज पूजेला बसतो आणि देवाकडे मागतो काय, तर रिकामी जागा.

काल एका नव्या जागेचा फोटो आला. आजूबाजूचे तारे स्वच्छ, मधोमध काही नाही. मोठं करून पाहिलं, उजळून पाहिलं. नाहीच. सहकारी म्हणाले, अजून बरंच तपासायचं आहे, घाई नको. मी मान डोलावली.

मग बाहेर येऊन आईला फोन लावला, तारा सापडला म्हणालो. ती म्हणाली, "बराबर हाय ना रे? तुझ्या अप्पावानी नको करू."

मी व्हय म्हणालो, अप्पा. तपासायचं बाकी आहे, हे तिला सांगितलं नाही.