माय विचारील तेव्हा

प्रिय साळू,

मोरबीला पोचलो. कौलाच्या भट्टीवर मुकादमानं माझ्या जागी दुसरा लावला होता, आता कौलाची माती वाहतोय. इथंही मन लागत नाही, तुला माहीतच आहे मी कसा आहे ते. दोन ओळी लिहितो आणि उठून बाहेर जातो. आबा गेले तरी घमेलं तेवढंच जड लागतं, याचंच नवल वाटतं.

तू नर्सिंगला लागलीस तेव्हा दिवाळीत भांडी घासता घासता पाठ करायचीस. माणूस बरोबर, औषध बरोबर, माप बरोबर, वेळ बरोबर, आणि तोंडातून द्यायचं का सुईनं तेही बरोबर. मी चिडवायचो, गोळी द्यायची का मुलगी द्यायची गं, एवढी चौकशी? तू म्हणायचीस, हसू नको भाऊ, पेशंटच्या तोंडात नाव घालायचं नाही, त्याच्या तोंडून काढून घ्यायचं. आपली खेड्याची माणसं दवाखान्यात कशालाही व्हय म्हणतात.

पण दवाखान्यात आबांची तर अर्धांगानं जीभच लुळी पडलेली. नाव काढायचं कुणाच्या तोंडून?

दहाव्याला गोठ्यामागं तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. आबांच्या कॉटवर आधी कडूबा नावाचा पेशंट होता, सकाळीच त्याला खिडकीकडं हलवलेला. सिस्टर घाईत आली, कागद न बघताच मायला म्हणाली, हे कडूबा ना? मायनं जन्मात कधी आबांचं नाव घेतलं नाही. नाय म्हणलं तर पुढचा सवाल, मग कोण? परक्या बाईसमोर, भरल्या वॉर्डात, नवऱ्याचं नाव? तिनं पदर ओढला आणि मान हलवली. कडूबाची साखर उतरवायची सुई, इन्सुलिनची, आबांना बसली. कडूबाच्या बायकोनं तुला सांगितलं नसतं, त्याची सुई त्या दिवशी आलीच नाही म्हणून, तर आपल्यालाही कळलं नसतं. साखर उतरून आबांना घाम सुटला तर माय पुसत बसली. म्हणत होती, ताप उतरतोय, आणि आबा गेले.

तू दवाखान्यावर अर्ज करणार म्हणालीस. करायलाच पाहिजे. पण पाहणारी एकटी माय. अंगठा तिचा लागणार, जबाब तिचा लागणार, आणि साहेब पहिला सवाल हाच करणार, बाई, तुम्ही मान का हलवली?

लासूर स्टेशनावर ती मला सोडायला आली होती. गाडी लागली तसा तिनं माझा हात धरला. म्हणाली, बन्सी, त्या बाईनं इचारलं तवा म्या मान हलवली व्हती. त्यानं तर काही झालं नसंल ना रं? मी म्हणालो, नाय माय, त्यांचे दिवस भरलेच होते. तिनं हात सोडला, पण माझ्या तोंडाकडंच बघत राहिली. अडाणी पोराचं बोलणं तिला पटलं नाही. म्हणाली, साळूला इचारते, तिला कळतं त्यातलं.

त्यासाठी हे पत्र. रविवारी तू गारखेड्याहून घरी जाशील. ती विचारील. तू नाय म्हण, आणि अर्जाचं तिच्यापुढं काढूच नको. ती सिस्टर तशीच राहील, उद्या आणखी कुणाला टोचील, हे मला कळतं. तुला शिकवलं त्याच्या उलट मी सांगतोय, हेही कळतं. तुझं तोंड बघून मायला खरं कळेल, असंही वाटतं. पण मला दुसरं काहीच सुचत नाही गं.

तुझाच भाऊ,
बन्सी