लोड काढा!

२८ ऑक्टोबर १९९९, गुरुवार

परत बंद! कॉम्प्युटरच्या पडद्यावर साडी अर्धी फिरली, निऱ्या दिसल्या, पदर उलगडायला लागला — आणि खट्. सगळं काळं. मी ओरडले तर आई म्हणते, "पदर उना का बंद पडस. लाजाळू शे वाटतं तुनी साडी!"

हसून घे बाई. दिवाळीनंतर लाभपाचमेला कतारगामची साड्यांची पेढी उघडली की सेठला ही फिरती साडी दाखवायचीये. स्वच्छ सांगितलंय त्यांनी — "फरती साडी बतावो, पछी वात." दाखवली तर मी डिझायनर. नाही दाखवली तर मशीन परत आणि मी पुन्हा ट्रेसिंगच्या टेबलावर, दुसऱ्यांनी काढलेल्या कोयऱ्या गिरवत. सेठनी आपलं मशीन नवं थ्री-डी कार्ड टाकून घरी दिलं, ते काही माझ्यावरच्या प्रेमानं नाही. पेढीत डिझायनरांमध्ये एका मुलीला बसायला जागा करायला नको, म्हणून.

३० ऑक्टोबर

साधं चित्र काढलं की मशीन दिवसभर गुणी. साडी फिरवायला लावली की थोड्या वेळात झोपतं. माझ्या चुलतभावासारखं — जेवायला ताजातवाना, कामाला हात लावला की आडवा.

व्होल्टेज असेल म्हणून स्टॅबिलायझर लावला. आमच्या बमरोलीत सगळीकडे माग, हवेत कापसाचं रुआं, म्हणून ब्रशनं पंखा झाडला. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्टीला खोडरबर घासलं. आईनं पाहिलं आणि तिनं वरून लिंबू-मिरची टांगली. फरक शून्य. लिंबू मात्र छान वाळतंय.

आबांना लेकीच्या या साडीचं भारी कौतुक! मागावर सेकंड शिफ्ट नसली की संध्याकाळी विचारणारच — "आज फिरावशी का तुनी साडी?" मी हो म्हटलं की लोड काखोटीला मारून हजर. गादी मशीनच्या मागच्या बाजूला. डब्याला लोड टेकवायचा, लोडाला पाठ टेकवायची, डोळे मिटायचे. साडी इकडे, तोंड भिंतीकडे! म्हटलं, आबा, पाहा तरी. तर म्हणे, "मी ऐकस ना." जन्मभर मागाचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला पंख्याची घरघर म्हणजे अंगाईच. पण बसतात, हे खरं. घरात माझ्या साडीला तेवढा एकच प्रेक्षक. बरं वाटतं मला.

१ नोव्हेंबर, सोमवार

प्रशांत येऊन गेला. पेढीची मशीन्स तोच दुरुस्त करतो, नागपूरकडचा. खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. आबा लगेच उठले, लोडासकट जागा दिली त्याला, स्वतः ओट्यावर जाऊन बसले.

आणि मशीन? एकदाही बंद पडलं नाही! साडी अर्ध्याच्याही पुढे गेली. मी तोंडावर पडले.

"सुरू तर आहे ना जी. तुम्हीच घाबरून राह्यल्या."

चहा पिऊन गेला. आबा जागेवर येऊन टेकले. थोड्या वेळानं — खट्! या मशीनला माणसं कळतात. पाहुण्यासमोर शहाणं, घरच्यांसमोर कार्टं.

२ नोव्हेंबर

तीनदा बंद. रडले. लिहायचं नाही.

४ नोव्हेंबर, गुरुवार

हे मात्र नीट लिहून ठेवायला हवं!

प्रशांत पुन्हा आला. मशीन पुन्हा गुणी बाळ. त्यानं बराच विचार केल्याचं तोंड केलं आणि दारात चपला घालता घालता निकाल दिला — "ग्राफिक्सवर लोड येऊन राह्यला जी, म्हणून बंद पडते. लोड काढा. मग काही होत नाही."

लोड काढा म्हणजे काय करा, ते विचारायला मी त्याच्यामागे गल्लीत धावले. रंग कमी करा, साडी लहान करा, असलं काहीतरी सांगून गेला. परत आले तर आबा स्टुलावर चढून, एका हातानं भिंत धरून, लोड माळ्यावर टाकतायत!

"आबा, हे काय?"

"तोच म्हने ना — लोड काढा."

आई आणि मी खाली बसून हसलो. पोट दुखलं. आबा बिचारे स्टुलावरच उभे, आपलं काय चुकलं ते न कळून. मग सावकाश उतरले. उतरायला फारच वेळ लावला, त्यावरही हसलो.

५ नोव्हेंबर

फिरली! पूर्ण! निऱ्या, पदर, पाठ, परत निऱ्या. रंग कमी केले नाहीत, साडी लहान केली नाही, काही म्हणजे काही केलं नाही.

डब्याच्या मागे वाकून पाहिलं. गरम हवा बाहेर फेकणारी पंख्याची जाळी बरोबर तिथेच, आबांचा लोड टेकायचा तिथे! माळ्यावरून लोड खाली काढला, तर खोळीवर जाळीचा पिवळा चौकोन उमटलेला. साडी फिरवली की मशीन तापणार, तापलं की वाफ बाहेर जायला वाट नाही, मग आपणहून बंद. प्रशांत आला की आबा उठायचे, म्हणून त्याच्यासमोर शहाणं.

म्हणजे लोडच होता! आबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "मंग? मी काय बोलनू व्हतू?" आता महिनाभर मिरवतील. प्रशांतला कळवणार नाही. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून ठेवेल बिचारा.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. माग बंद म्हणून आबा दिवसभर घरी, पण साडीकडे फिरकत नाहीत. लोड काय गेला, कौतुकही गेलं! म्हटलं, प्रेक्षक पळाले वाटतं. नुसते हसले. खोटं कशाला लिहू, जरा लागलं मला.

आई स्टोव्हवर वीट तापवत होती. विचारलं, दिवाळीचा नवा पदार्थ का? ती हसली नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार, लाभपाचम

दाखवली. मशीन रिक्षात घालून पेढीवर नेलं. सेठनी साडी तीनदा फिरवून घेतली, मग शेजारच्या पेढीवाल्याला बोलावून परत. "बहु सरस, धनश्री!" डिझायनर!! मशीन तुझ्याकडेच ठेव, घरूनच काम कर म्हणाले. जागा अजूनही नाहीच पेढीत. नसू दे. पेढे घेतले. आबांनी पेढा हातात धरला, कपाळाला लावला.

१४ नोव्हेंबर, रविवार

आज आईच्या तोंडून निघून गेलं. "दसरापाइन तुना आबास्ले मागवर उभं ऱ्हावाये नही. कंबर. तुना मशीनले टेकी बठेत का शेकाई जाये, तेवढंच बरं वाटे. माले म्हनेत, पोरले सांगू नको, तिनी साडी अर्धी ऱ्हायी जाई."

स्टुलावरून उतरायला लागलेला वेळ. आम्ही हसत होतो.

लोड होता तिथे नेऊन ठेवला, डब्याला टेकवून. साडी सुरू केली आणि हाक मारली — आबा, या, फिरवतेय.

बंद पडलं तर पडू दे.